पुण्यातील प्लेगची झडती, १८९७ : बहुतांचे हित आणि दारातला माणूस

नीतिशास्त्राच्या वर्गात उपयुक्ततावाद (कृत्य त्याच्या परिणामांवरून जोखणारा विचार) आणि कर्तव्यवाद (परिणाम काहीही होवो, कर्तव्याचा नियम पाळावा असे मानणारा विचार) शिकवताना बहुधा रुळावरून सुटलेली ट्रॉली आणि तिच्या वाटेतली पाच माणसे असे काल्पनिक उदाहरण दिले जाते. विद्यार्थी हिरिरीने वाद घालतात आणि तास संपला की विसरून जातात. या दोन विचारांची खरी कसोटी आपल्याच इतिहासात झालेली आहे, आणि तीही अशा शहरात जिथे दोन्ही पक्षांची माणसे हाडामांसाची होती. म्हणून इथे एकच प्रकरण सविस्तर घेतो : १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात झालेली घरझडती.

काय घडले

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे पहिले निदान केले. काही महिन्यांत गाठीचा ताप पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल तो तात्पुरता नियम करण्याची मुभा दिली, तिसऱ्याने नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली, आणि चौथ्याने या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही असे संरक्षण दिले. हे चौथे कलम लक्षात ठेवावे.

फेब्रुवारीतच वॉल्टर चार्ल्स रँड या आयसीएस अधिकाऱ्याच्या हाती पुण्याच्या प्लेग समितीची सूत्रे आली. तोवर शहरातली जवळजवळ निम्मी माणसे गाव सोडून गेली होती. मार्चच्या मध्यापासून सुमारे नऊशे अधिकारी आणि शिपाई, गोरे आणि देशी मिळून, पेठापेठांतून घरे तपासू लागले. हे काम मे महिन्यापर्यंत चालले.

झडती म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढची चर्चा पोकळ ठरेल. गल्ली अडवायची, दार उघडले नाही तर फोडायचे. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, अंधारी बाळंतिणीची खोली, सगळीकडे बूट घालून शिरायचे. घरातल्या माणसांच्या काखा आणि जांघा चाचपायच्या, कारण गाठ तिथेच येते. ताप असलेला माणूस सापडला की त्याला प्लेगच्या इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत. मागे राहिलेली अंथरुणे, कपडे, कधी भांडीकुंडीही जाळायची किंवा औषधाने धुवायची, जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा. मृताचे दहन वा दफनही नोंदीशिवाय करायचे नाही.

धार्मिक भावना आणि स्त्रियांची अब्रू सांभाळावी असे लेखी आदेश होते. गोरे सैनिक शिस्तीचे आहेत, लाच खाणार नाहीत, हे त्यांना नेमण्यामागचे सरकारी समर्थन. विनयभंगाची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, असे समितीचे म्हणणे. पुणेकरांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते, आणि तक्रार करणारे सगळे एका गटाचे नव्हते. सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांची जी हेळसांड होते तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रातून आवाज उठवला, आणि टिळकांशी त्यांचे मुळीच पटत नव्हते हे सर्वांना ठाऊक आहे.

२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलैला रँड मरण पावला. त्याच रात्री बाळकृष्ण चाफेकरांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. तो लक्ष्य नव्हता.

रँडची बाजू, तिच्या सगळ्या ताकदीनिशी

आपल्याकडे रँडचे नाव निघाले की निकाल आधीच लागलेला असतो. अभ्यासासाठी ते उपयोगाचे नाही. त्याची बाजू जितकी भक्कम मांडता येईल तितकी मांडली पाहिजे.

सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचे शहर. लागण झालेल्यांतले बहुतेक मरतात असा रोग. लस नुकती कुठे तयार झालेली, औषध नाही. रोगी घरात लपवले जातात आणि पळणारी माणसे रोग खेड्यापाड्यांत नेतात. अशा वेळी काही हजार घरांचा सोवळेपणा आणि काही दिवसांची मानहानी एका पारड्यात, हजारो जीव दुसऱ्यात. जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये मांडलेली कसोटी इथे सरळ लागू होते : कृत्याची किंमत त्याच्या परिणामातून ठरते, आणि एकूण सुखदुःखाची बेरीज ज्या बाजूला जड तिकडे जावे. जॉन स्टुअर्ट मिल स्वातंत्र्याचा केवढा पुरस्कर्ता, पण दुसऱ्याला इजा होत असेल तिथे समाजाने हात घालावा हे त्यालाही मान्य होते, आणि प्लेगच्या रोग्याला वेगळे ठेवणे यात त्याने दोष काढला नसता.

मिलचे नाव इथे ओढूनताणून आलेले नाही. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता, हिंदुस्थानचा कारभार कागदावरून चालवणाऱ्यांपैकी एक. आणि १८५९ मध्ये स्वातंत्र्यावर लिहिताना त्याने स्पष्ट म्हटले की हे तत्त्व मागास समाजांना लागू नाही, त्यांच्या सुधारणेसाठी असेल तर एकतंत्री राज्यही योग्य. म्हणजे पुण्याच्या माणसाचे सुखदुःख बेरजेत धरायचे, पण बेरीज करणाऱ्यांत तो नसणार. माझ्या मते या प्रकरणातली सगळी गुंतागुंत इथे सुरू होते.

बेरीज कुठे चुकली

उपयुक्ततावादाला त्याच्याच मापाने मोजू. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे १८९७ मध्ये सिद्ध झालेले नव्हते. उंदरावरच्या पिसवा तो वाहतात, हे पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, आणि तेही सर्वांना पटायला पुढे बरीच वर्षे लागली. गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. फुप्फुसात उतरलेला प्लेग तसा पसरतो, पण पुण्यातली मुख्य साथ गाठीची होती. रोग्याला आईच्या मांडीवरून उचलून नेण्याने जितका फायदा होईल असे समितीला वाटत होते, तितका होणे शक्यच नव्हते. जमीन उकरल्यावर उंदीर शेजारच्या घरात जाणार हे उघड आहे.

उलट खेड्यातल्या साध्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचे, रानात झोपडी घालून राहायचे. आजच्या ज्ञानाने पाहिले तर त्या काळी उपलब्ध असलेल्या उपायांतला हा सर्वात शहाणा उपाय होता. तो ज्यांच्याकडे होता त्यांना विचारायची रीतच ठेवली नाही, त्यामुळे तो बेरजेत आलाच नाही.

दुसरी चूक अधिक खोलवरची. भीती ही रक्कम कोणी मांडलीच नाही. झडतीच्या धास्तीने लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली, रातोरात गाव सोडले, आणि जाताना कपड्यालत्त्यांतून पिसवा बरोबर नेल्या. साथ रोखण्याच्या उपायानेच साथीला पाय फुटले. पुढच्या वर्षी, मार्च १८९८ मध्ये, मुंबईतही झडतीवरून दंगल झाली आणि त्यानंतर सरकारलाच सक्ती सैल करावी लागली. पुण्यात प्लेग नंतरही वर्षानुवर्षे परतत राहिला.

इथे उपयुक्ततावादी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे, की यात माझा सिद्धांत कुठे हरला? गणित चुकले, पद्धत नाही. भीतीची रक्कम धरा, लोकांना विचारा, मग बेरीज करा. बरोबर उत्तर येईल.

म्हणून प्रश्न आणखी कडक केला पाहिजे. समजा रँडचे गणित अचूक होते. समजा रोग माणसाकडून माणसाला पसरत होता, झडतीने तो आटोक्यात आला आणि हजारो जीव वाचले. मग ती झडती, जशी झाली तशी, योग्य ठरली असती का?

माझे उत्तर नाही असे आहे, आणि दोन सिद्धांतांच्या वाटा खऱ्या अर्थाने इथेच वेगळ्या होतात. आधीच्या सगळ्या आक्षेपांवर दोघेही सहमत होऊ शकतात, या एकावर नाही.

माणूस साधन म्हणून

इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये मांडलेले सूत्र असे : स्वतःमधली असो वा दुसऱ्यातली, माणुसकीला नुसते साधन म्हणून वापरू नका, ती नेहमी साध्यही आहे असे धरून वागा. यातला ‘नुसते’ हा शब्द फार महत्त्वाचा, आणि परीक्षेत लिहिताना मुले नेमका तोच गाळतात. कांट रोग्याला वेगळे ठेवायला बंदी करत नाही. ज्याला रोग आहे त्याला कारण सांगितले, त्याची सोय केली, त्याच्या बुद्धीला आवाहन केले, तर ‘मीही त्यांच्या जागी हाच नियम केला असता’ असे तो म्हणू शकतो. अशा माणसाला छावणीत नेले तरी तो साध्यच राहतो. काख चाचपताना ज्याच्याशी कोणी एक शब्द बोलत नाही, ज्याच्या डोळ्यांदेखत अंथरूण जाळले जाते आणि का ते सांगितले जात नाही, तो मात्र रोगाचा वाहक एवढाच उरतो. तो जगला काय आणि मेला काय, आकड्यात फरक पडेल, वागणुकीत पडणार नाही.

कांटची दुसरी कसोटी म्हणजे नियम सर्वांना, आपल्यालाही, लागू करून पाहणे. त्याच महिन्यांतली दोन माणसे इथे आठवतात. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर वापरात आलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या, तयार असलेल्या कैद्यांना दिली गेली. कैद्याची संमती कितपत मोकळी असते हा प्रश्न उरतोच, पण धोका आधी स्वतःच्या दंडावर घेतला होता. आणि इकडे पुण्याजवळ, मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यासाठी सावित्रीबाई फुले रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले आणि त्यातच रोग जडून १० मार्चला त्या गेल्या. पेठांतली झडती सुरू व्हायला तेव्हा जेमतेम दोन-तीन दिवस होते.

कोरड्या बेरजेने पाहणारा म्हणेल की दवाखान्याचा आधार असलेल्या बाईने एका मुलासाठी जीव धोक्यात घालणे परवडणारे नव्हते. मला ही बेरीज मान्य नाही. त्या मुलाला अस्पृश्य म्हणून आणि रोगी म्हणून, दुहेरी टाकलेले होते. त्याला हात लावण्यातच त्याची माणूस म्हणून किंमत सांगितली गेली, आणि ती कोणत्याही पारड्यात घालून जोखता येत नाही.

दारात उभी असलेली आई

आता कर्तव्यवादाची परीक्षा. ती मी रँडच्या परीक्षेपेक्षा अवघड मानतो.

झडतीची तुकडी दारात आहे. आत पोर तापाने फणफणले आहे. ‘घरात कोणी आजारी आहे का?’ असे विचारले जाते. आई म्हणते, नाही.

बरोबर शंभर वर्षे आधी, १७९७ मध्ये, कांटने जवळजवळ याच प्रसंगावर लिहिले होते. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताने आक्षेप घेतला होता की खुनी माणूस दारात येऊन ‘तुझा मित्र आत आहे का’ असे विचारत असेल, तर त्याला खरे सांगण्याचे कर्तव्य कसे असू शकते? ज्याला सत्याचा अधिकारच नाही त्याला सत्य देणे लागत नाही. कांटने माघार घेतली नाही. खोटे बोलू नये, तिथेही नाही.

म्हणजे पुण्याच्या या आईला कांट दोष देतो. आणि उपयुक्ततावादीही देतो, कारण तिच्या खोट्याने साथ पसरण्याचा धोका वाढतो. एरवी एकमेकांशी भांडणारे दोन्ही पक्ष एका घाबरलेल्या बाईविरुद्ध एकत्र येतात. याने प्रत्येक वाचक अस्वस्थ व्हावा असे मला मनापासून वाटते.

यातून वाट काढायला विसाव्या शतकात डब्ल्यू. डी. रॉस यांनी कर्तव्यवादातच एक दुरुस्ती केली. कर्तव्य एक नसते, अनेक असतात : खरे बोलणे, दिलेला शब्द पाळणे, इजा न करणे, उपकार फेडणे. प्रत्येकाला वजन आहे, पण प्रसंगी एक दुसऱ्यापुढे माघार घेते, आणि कोणते कधी, हे प्रसंग नीट पाहूनच ठरते. रॉसच्या नजरेने आईचे खोटे बोलणे हे कर्तव्याचा भंग असूनही क्षम्य, कदाचित योग्यही. मी कॉन्स्टंटच्या बाजूला थोडा अधिक झुकतो. सरकारने खरे उत्तर मिळण्याचा हक्क कमवायचा असतो. रोग्याचे पुढे काय होईल, आईला त्याच्याजवळ राहता येईल का, तो जिवंत परतेल का, याचे प्रामाणिक उत्तर जे सरकार देत नाही, त्याने तिच्याकडून प्रामाणिक उत्तराची अपेक्षा ठेवावी कशी? पण शेजारच्या घरातल्या पोरांचे काय, हा प्रश्न यानेही सुटत नाही. त्यांना सत्याचा हक्क होता. ते त्यांना सांगायची वाटही सैनिकांनी अडवलेल्या गल्लीतूनच जात होती.

गोखल्यांची माफी

याच प्रकरणात सत्याच्या कर्तव्याचे दुसरे टोक दिसते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्राला सांगितले की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. जुलैअखेर मुंबईत उतरल्यावर त्यांनी माहिती देणाऱ्यांकडे पुरावा मागितला. तो मिळाला नाही. गोखल्यांनी सैनिकांची जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली, आणि ज्यांच्या पत्रांवर ते विसंबले त्यांची नावे सांगितली नाहीत.

परिणामांच्या हिशेबाने हे पाऊल अनर्थकारी होते. रँडच्या खुनानंतर सरकार खवळलेले, टिळक २७ जुलैला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटकेत, आणि अशा वेळी आपल्याच पक्षाचा माणूस सरकारला आयती ढाल देतो. गोखल्यांना भ्याड म्हटले गेले, वर्षानुवर्षे टोमणे ऐकावे लागले. मला ती माफी या सगळ्या प्रकरणातले सर्वात स्वच्छ कर्तव्यवादी कृत्य वाटते. सिद्ध न होणारा आरोप मागे घेणे एवढेच त्यांच्यापुढे होते, त्याचा फायदा कोणाला होतो हा विचार त्यांनी आड येऊ दिला नाही. घडलेले अत्याचार त्यामुळे खोटे ठरत नाहीत, आणि गोखल्यांनी तसा दावाही केला नव्हता.

कर्तव्य आणि पिस्तूल

कर्तव्याचा आधार हिंसेलाही घेता येतो, हे झाकून चालणार नाही. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवातल्या टिळकांच्या भाषणाचा वृत्तांत आला. अफझलखानाला मारण्यात महाराजांचे पाप होते का, या प्रश्नाला टिळकांचे उत्तर गीतेतून होते : फळाची आशा न धरता, निःस्वार्थ बुद्धीने केलेल्या कर्माचा दोष लागत नाही. राजद्रोहाच्या खटल्यात हाच मजकूर पुढे आला आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या भाषणाने चाफेकरांचा हात उचलला असे म्हणायला आधार नाही. पण युक्तिवाद तपासायलाच हवा. हेतू शुद्ध असला की कृत्य शुद्ध, हे कांटचे म्हणणे नव्हे. त्याच्या मते हेतूमागचा नियम सर्वांना लागू करता आला पाहिजे आणि समोरचा माणूस नुसते साधन होता कामा नये. आयर्स्टच्या मृत्यूला या कसोटीवर कोणतेही समर्थन मिळत नाही.

टिळकांनी हा विषय तिथेच सोडला नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी आधिभौतिक सुखवादावर स्वतंत्र प्रकरण लिहून बेंथम-मिलच्या मताची झाडाझडती घेतली, आणि कांटलाही जवळ केले. त्यांतले एक उदाहरण मार्मिक आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रामची गरज होती, परवानगी अडली होती, तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन काम करून घेतले. ट्राम झाली, सगळ्यांची सोय झाली. तरीही खटला झालाच. परिणाम तेवढाच मोजायचा तर ही लाच पुण्यकर्म ठरेल, म्हणून कर्त्याची बुद्धी पाहिली पाहिजे, हा टिळकांचा मुद्दा. उपयुक्ततावादावरचा आक्षेप म्हणून तो बिनतोड आहे. पण कर्त्याची बुद्धी शुद्ध होती की नाही हे ठरवणार कोण, याचे उत्तर त्यात मिळत नाही, आणि पुण्याच्या प्रकरणात तोच प्रश्न कळीचा आहे.

चौथे कलम

कारण रँडच्या बाजूनेही नेमका हाच बचाव होता. साथरोग कायद्याच्या चौथ्या कलमाचा आधार परिणाम नव्हता, सद्हेतू होता. कायद्याचे उद्दिष्ट बहुतांचे हित आणि बचाव कर्त्याच्या शुद्ध बुद्धीचा, म्हणजे उपयुक्ततावाद आणि कर्तव्यवाद यांतला सरकारला सोयीचा तेवढा भाग उचलून त्यात गुंफलेला. परिणाम वाईट झाला तर हेतू दाखवायचा, हेतूवर शंका आली तर हित. ज्याच्या घरात तुकडी शिरली त्याला कोणत्याच दारी दाद नाही. दोन सिद्धांतांपैकी एकही पूर्णपणे मानला असता तर हे झाले नसते. बेंथमला प्रत्येकाचे दुःख मोजावे लागले असते, कांटला प्रत्येकाला कारण द्यावे लागले असते.

हा कायदा पुढेही टिकला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तो पुन्हा लागू केला आणि घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला जाऊ लागला. १८९७ आणि २०२० यांची बरोबरी मी करत नाही. या वेळी रोग खरोखर माणसाकडून माणसाला जात होता, आणि शिक्का मारणारे आपणच निवडून दिलेले सरकार होते. पण एप्रिल २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारी. ती गरजेची होती. ज्याला विलग करायचे त्याला कारण सांगितले जाईल, तक्रार कुठे करायची ते कळेल, जाळलेल्या वा हिरावलेल्या वस्तूची भरपाई मिळेल, अशी एक ओळ मात्र त्या दुरुस्तीत नव्हती, आणि चौथे कलम होते तसेच राहिले.